मान खाली घातलेला फोटो

नानांचा तेरावा जवळ आला तेव्हा मच्छिंद्रकाकांनी विचारलं, "फोटो कंचा ठिवायचा?" आणि घरात शोधाशोध सुरू झाली.

नाना म्हणजे माझे वडील, कानिफनाथ. तिसगावच्या बाजारपेठेत त्यांचा 'पुष्पा फोटो स्टुडिओ' होता. पुष्पावती हे माझ्या आईचं नाव. मढीच्या यात्रेपासून पाथर्डीच्या शाळेतल्या वर्गांपर्यंत आसपासचा सगळा भाग त्यांनी फोटोंत घेतला होता. त्यांचा स्वतःचा म्हणावा असा फोटो मात्र निघेना. लग्नातला एक होता. त्यात मुंडावळ्यांच्या मागे कोण आहे हे आईला विचारावं लागे, आणि आईही "तेच असतील" असं म्हणे.

"गावाची थोबाडं काढली जन्मभर, सोताचं एक काढलं न्हाई," काका म्हणाले. ते नानांचे धाकटे भाऊ. शेती तेच पाहत. रडून झालं की त्यांना राग येई, तसा आला होता.

मी राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरी करत होते. तार मिळून तिसगावला पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. मी नानांना शेवटचं पाहिलंच नाही. त्यामुळे भिंतीवर कोणता चेहरा लागणार याच्याशी माझा संबंध इतरांपेक्षा थोडा जास्त होता.

आमच्या भागात फोटोला एक वेगळं काम असतं. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या गाड्या जुंपून कारखान्यांकडे निघतात, त्या उन्हाळ्यातच परततात. म्हातारं माणूस घरी मागे राहतं. परत येईतो ते असेल की नाही सांगता येत नाही, म्हणून निघण्याआधी मुलगा आईला किंवा बापाला स्टुडिओत आणून बसवतो. याला कोणी नाव दिलेलं नाही. "म्हातारीला घेऊन आलोय," एवढं म्हटलं की नाना खुर्ची झटकत. म्हाताऱ्यांनाही ठाऊक असे, आपल्याला कशासाठी आणलंय ते. साळूबाई म्हणून एक होत्या. त्या दरवर्षी येत आणि म्हणत, "काढा, कानिफनाथ. औंदा तरी कामाला यिऊ द्या."

ज्यांचं राहून जाई त्यांच्याकडे नाना सायकलला कॅमेरा बांधून जात. अंघोळ घालून भिंतीला टेकवून बसवलेल्या देहाचा फोटो काढत. मग त्यावर टचिंग करत, म्हणजे बारीक कुंचल्याने मिटलेले डोळे उघडत. मिटलेल्या डोळ्यांचा फोटो कोणी भिंतीवर लावत नाही. भिंतीवरच्या माणसाने घराकडे पाहिलं पाहिजे. नाना हे डोळे मनाने काढत नसत. गेलेल्याच्या मुलाला नाहीतर मुलीला समोर बसवत, त्या डोळ्यांचा जवळून फोटो घेत आणि तो शेजारी ठेवून रंगवत. "डोळे घरातलेच लागतात," म्हणत. आजही या भागात कितीतरी बाप आपल्या मुलांच्या डोळ्यांनी भिंतीवरून पाहतात.

त्या दिवशी दुपारी नगरहून राधाकृष्ण भेटायला आले. मिसरूड फुटायच्या वयात ते नानांकडे काम शिकायला राहिले होते. आता नगरला त्यांचा स्वतःचा स्टुडिओ होता. खांद्याला नवा जपानी कॅमेरा होता. त्यांना पाहून आईने पदर डोळ्यांना लावला, आणि मग विचारलं, "जेवला का रं?"

"जेवलो, वहिनी."

"तोंडावरून तर वाटत न्हाई." तिने पान वाढलं आणि ते मुकाट जेवले.

काकांनी अडचण सांगितली तेव्हा राधाकृष्णांचा घास थांबला. "नानांचे फोटो नाहीत? ढीग असतील. आरशातले."

"आरशातलं म्हंजी?"

त्यांनी सांगितलं ते मलाही नवीन होतं. नानांच्या कॅमेऱ्यात एका रोलवर बारा फोटो येत. अकरा झाले आणि गिऱ्हाइकाला घाई असली की नाना बाराव्यासाठी माणसाची वाट पाहत नसत. लोक केस विंचरतात त्या आरशासमोर उभं राहून तो स्वतःवर संपवत आणि रोल धुवायला घेत. "कोरा सोडला तर वाया जातो," म्हणत. "माझ्यावर मारला तरी वायाच, पण शटर कसं चाललंय ते कळतं."

डार्करूममध्ये मांडणीच्या तळाशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात या वाया गेलेल्या निगेटिव्ह कापून ठेवल्या होत्या. आम्ही त्या खिडकीशी नेऊन एकेक उजेडात धरू लागलो. निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं होतं. त्यामुळे तरुण नाना पांढऱ्या केसांचे दिसत होते आणि म्हातारे होत गेले तसे त्यांचे केस काळे होत गेले. मध्येच कुठेतरी चष्मा लागला. मी विणलेला स्वेटर एका हिवाळ्यापासून दिसू लागला आणि नंतर सगळ्या हिवाळ्यांत होता. मी बराच वेळ पाहत राहिले. राधाकृष्णांनी घाई केली नाही.

पण प्रत्येक फोटोत त्यांची मान खाली होती. कपाळ दिसे, भांग दिसे, चष्म्याची वरची कड दिसे. एकाही फोटोत डोळे नव्हते.

याला कारण तो कॅमेरा. नानांकडे रोलायफ्लेक्स होता. नगरच्या छावणीतल्या एका लष्करी साहेबाने बदली होऊन जाताना तो नानांना दिला होता. फोटोग्राफीच्या इतिहासात त्याला मोठं स्थान आहे. तो १९२९ साली जर्मनीत ब्राउनश्वाइगला निघाला. त्याआधी धंद्यातला फोटोग्राफर म्हणजे तिकाटणं, काचेची प्लेट आणि डोक्यावर काळं कापड. त्या कापडाखाली समोरचा माणूस उलटा, डोकं खाली पाय वर, असा दिसे. रोलायफ्लेक्स हातात धरता येई आणि तो माणूस उभाच्या उभा दाखवी. त्याला एकावर एक दोन भिंगं असतात. वरच्यातून पाहायचं, खालच्यातून फोटो निघतो. वरच्या भिंगामागे तिरका आरसा असतो आणि त्यावरून चित्र कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या काचेवर पडतं. म्हणून तो पोटाशी धरून मान खाली घालून आत पाहावं लागतं. तीसेक वर्षं वर्तमानपत्रवाले, लग्नवाले, सिनेमावाले, सगळ्यांच्या हातात तो होता. मग डोळ्याला लावायचे जपानी कॅमेरे आले आणि दहा-बारा वर्षांत तो जुना झाला.

हे मी ग्रंथालयात वाचलं होतं. एका पुस्तकात असंही होतं की ही कल्पना पहिल्या महायुद्धातल्या खंदकांतून सुचली. डोकं वर न काढता समोरचं दिसावं म्हणून. खरं-खोटं माहीत नाही. नानांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बरोबर आहे. मान खाली घातलेल्यावर कोणी गोळी झाडत नाही."

त्या कॅमेऱ्याला घरात कोणी हात लावायचा नाही असा नियम होता. माथ्यावरचं झाकण उघडलं की आत धूळ जाते आणि आरसा खराब होतो. मी लहानपणी हट्ट करून आत पाहिलं होतं. आईने कधीच पाहिलं नव्हतं. तिने मागितलं नाही आणि नानांनी दाखवलं नाही.

राधाकृष्णांनी मागच्या वर्षाची एक निगेटिव्ह निवडली. "ही स्वच्छ आहे. मोठी करू. आरशातली आहे, तेव्हा छापताना उलटी टाकतो, म्हणजे भांग आपल्या जागेवर येईल." मग ती पुन्हा उजेडाला धरून म्हणाले, "डोळ्यांचं काय करायचं? चष्म्याखालून पापण्या उचलता येतील. मान खाली राहील, पण वर बघताहेत असं होईल."

"नको," मी म्हणाले. "असेच राहू देत."

"असंच कसं?" काका म्हणाले. "भिताडावर मान खाली घातलेला मानूस? काय चोरी केली हुती का त्यानं?"

"काम करताहेत ते, काका."

"ते तुला-मला ठावं. उद्या नातवंडं इचारतील, आज्जा खाली काय हुडकतोय? काय पडलंय त्याचं?"

"सांगू त्यांना."

"तू ऱ्हातीस राहुरीला. सांगनार कोन, मी? मला त्यातलं काय कळतंय?"

आई दाराशी बसून तेराव्याचे तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं. "डोळं उघड, राधाकृष्ण."

"आई, ते त्यांचे डोळे नसतील."

"नसू दे." ती माझ्याकडे न पाहता बोलत होती. "पाटीवर नाव घातलं माझं. लोक म्हनायचे, पुष्पाबाई, लई जीव हाय तुमच्यावर. मी म्हनायचे, व्हय. पर ह्यो मानूस सगळा जन्म त्या डबड्यात बघत बसला. आंधाऱ्या डबड्यात काय गावत हुतं, देव जाने. मला एकदा बसवलं हुतं त्या खुर्चीत. मी म्हनलं, आज तरी बघतील. तर तवाबी मान खाली. 'हलू नको' म्हनले, अन् झालं. आता भिताडावरून तरी माझ्याकडं बघू दे."

नाना मितभाषी होते आणि आई तशी नव्हती. त्यापलीकडे त्या दोघांमध्ये काय होतं हे मला माहीत नव्हतं. आईबापांचं ते मुलांना माहीत नसतंच. मला माझा बाप जसा होता तसा भिंतीवर हवा होता. पण तिला जो कधी मिळाला नाही तो हवा होता, आणि भिंत तिच्या घरातली होती.

"बरं," मी म्हणाले.

राधाकृष्ण माझ्याकडे पाहत होते. "मग उद्या सकाळी तुम्हाला बसावं लागेल, विजूताई. नानांचे डोळे तुमच्याकडेच आले आहेत."

दुसऱ्या दिवशी स्टुडिओ उघडला. खुर्ची, मागे रंगवलेला तलावाचा पडदा, कोपऱ्यात आरसा आणि त्याला दोरीने बांधलेला कंगवा, सगळं होतं तसंच होतं. नानांच्या कॅमेऱ्यात रोल होता आणि त्यावर एकच फोटो उरला होता. "याच्यावरच घेऊ," राधाकृष्ण म्हणाले. "जागेवरचा कॅमेरा बरा." त्यांनी तो तिकाटण्यावर बसवला, माथ्यावरचं झाकण उघडलं आणि मान खाली घातली. क्षणभर मला त्यांच्याकडे पाहणं जमलं नाही. इतक्या वर्षांनीही ते नानांसारखेच एक खांदा उतरता ठेवून उभे राहत.

"डावीकडून अंधार येतोय. कोणीतरी पांढरं कापड धरायला हवं."

आई बाहेर ओट्यावर होती. तिने नानांचं धुतलेलं धोतर आणलं आणि दोन्ही हातांत ताणून धरलं.

"अजून जवळ, वहिनी. इकडे, माझ्या बाजूला. थोडं वर."

"हात दुखत्यात रं. लवकर कर."

"झालंच."

ती सरकत सरकत कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी आली. राधाकृष्ण माझी हनुवटी सरळ करायला पुढे आले आणि त्याच वेळी आईची नजर त्या उघड्या झाकणात गेली. धोतर तसंच हातात होतं. ती वाकली.

"आत उजेड हाय," ती म्हणाली.

"हो वहिनी. काच आहे तिथे."

"आरं, ही हाय आत." ती आणखी वाकली. "विजू, तूच हायस. हालचाल कर बरं."

मी हात वर केला.

"त्वा हिकडचा उचलला, आत तिकडचा उचलला."

"त्यात उजव्याचं डावं दिसतं," राधाकृष्ण म्हणाले.

"आन् साडी हिरवी हाय."

"हिरवीच आहे ना तिची."

"फोटू तर काळं-पांढरं निघत्यात."

"फोटो निघतात तसे. आत रंग दिसतात सगळे."

आई मान वर करेना. बाहेरून एक टेम्पो गेला, त्याची धूळ दारातून आत आली आणि एरवी नानांनी लगेच झाकण मिटलं असतं. राधाकृष्णांनी मिटलं नाही.

"कानातलं दिसतंय हिच्या," ती म्हणाली. "ह्या गालावरचा तीळ. मला एवढ्या लांबनं ते दिसत न्हाई, चष्मा न्हाई माझ्याजवळ. हितं दिसतंय." मग जरा वेळाने, "त्यास्नी असंच दिसायचं का रं?"

"असंच."

"मान खाली घातल्यावर?"

"खाली घातल्याशिवाय दिसतच नाही, वहिनी. वर बघितलं तर काच जाते नजरेतून."

"मग मी बसले हुते तवा?"

राधाकृष्ण थोडे घोटाळले. कोणी असं विचारेल हे त्यांच्या मनात आलं नसावं. "तेव्हा तुम्हीच दिसत असणार. दुसरं काय दिसणार? काचेत मावतंच तेवढं. मी तेव्हा इथेच होतो कामाला. नाना बराच वेळ लावत होते, हे आठवतंय. मला ओरडले होते, दारातून उजेड अडवू नकोस म्हणून."

"कुठलं लुगडं हुतं मला, ते सांग."

"ते कसं आठवेल मला? फोटो तर काळा-पांढरा."

"जांभळं हुतं," आई म्हणाली. "इरकली. त्यास्नी ठावं असंल."

तिने धोतर खाली केलं, नीट चौघडी घातली आणि ते खांद्यावर टाकलं. मी खुर्चीतच होते. उठावं की बसावं कळत नव्हतं.

"डोळं नको काढू," ती राधाकृष्णांना म्हणाली. "हाय तसा छाप."

"काल तर तुम्ही म्हणालात..."

"काल मला ठावं नव्हतं." ती दाराकडे निघाली आणि वळली. "आन् हिचं डोळं हिच्याजवळच ऱ्हाऊ दे. तिला वाचायला लागत्यात."

तेवढ्यात राधाकृष्णांनी शटर दाबलं. रोल धुवायचा तर संपवायला हवाच होता, आणि आधीच्या अकरा फोटोंतली माणसं वाट पाहत होती. तो बारावा फोटो माझ्याकडे आहे. हललेला आहे, मी आईकडे वळून काहीतरी म्हणत होते.

काकांना संध्याकाळी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजी काल एक, आज एक." मग म्हणाले, "तुमचं तुमी बघा. मला लोकांनी इचारलं तर मी वैनीकडं बोट दावनार."

राधाकृष्ण नगरहून फोटो करून घेऊन आले. काळ्या लाकडी चौकटीत नाना कमरेपर्यंत होते, दोन्ही हात कॅमेऱ्याला, मान खाली. निगेटिव्ह उलटी टाकल्यामुळे कॅमेऱ्यावरचं नावही सरळ वाचता येत होतं. आईने भांग तपासला, चौकट पदराने पुसली आणि म्हणाली, "केस वाढले हुते. कितींदा सांगितलं, कापून या."

तेराव्याला फोटो ओसरीवर खुर्चीत ठेवला, हार घातला. पाहुणे येत, हात जोडत आणि बाजूला होत. काहीजण फोटोकडे जरा जास्त वेळ पाहत आणि मग काकांकडे पाहत. काका सुपारी कातरत राहिले. कोणी विचारलं नाही, त्यामुळे त्यांना बोट दाखवावं लागलं नाही.

जेवणं होत आली तेव्हा भीमा त्याच्या आईला, बनुबाईंना, घेऊन आला. ते पलीकडच्या वस्तीवरचे. दुसऱ्या दिवशी त्याची टोळी निघणार होती आणि बैल दारात उभे करूनच तो आला होता. बनुबाईंना दिसायला कमी झालं होतं. भीमाने त्यांना दंडाला धरून खुर्चीपुढे आणलं.

"आई, हे बघ, फोटोवाले. पाया पड."

बनुबाईंनी डोळे बारीक करून पाहिलं. त्यांना काय दिसलं ते मी शेजारी उभी राहून पाहत होते. खुर्चीतला माणूस कॅमेरा पोटाशी धरून, मान खाली घालून उभा होता. बनुबाईंनी भीमाचा हात सोडवला. डोक्यावरचा पदर पुढे ओढून सारखा केला, दोन्ही हात समोर आणले, हनुवटी वर केली आणि त्या स्थिर उभ्या राहिल्या.

"आई, चल," भीमा म्हणाला. "लोकं खोळंबल्यात."

"थांब की," बनुबाई ओठ न हलवता म्हणाल्या. "हालू नको म्हनत्यात."

मागे ओळ थांबली. आई स्वयंपाकघराच्या दारात पातेलं घेऊन उभी होती. तिने कोणालाही बोलू दिलं नाही. जरा वेळाने बनुबाईंनी हात खाली सोडले आणि भीमाला म्हणाल्या, "झालं. चल आता."